भूकंपाची तारीख नव्हे, घराची ताकद विचारा

दिंडोरी तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात जमीन हलली, की दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर एकच प्रश्न येत राहतो : "ताई, मोठा कधी येणार?" मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही. मी घरांचे नकाशे काढते, कॉलमच्या सळया मोजते, स्लॅबच्या दिवशी पहाटेपासून साइटवर उभी असते. तरी लोक मलाच विचारतात, कारण जमिनीशी आणि भिंतीशी रोज संबंध येणारं, त्यांच्या ओळखीतलं माणूस मी आहे. उमराळे, तळेगावच्या बाजूला आणि तिथून पुढे पेठ, सुरगाणा, कळवणच्या डोंगरांत असे सौम्य धक्के अधूनमधून बसतात. मांडणीवरची भांडी वाजतात, पत्रे खडखडतात, जमिनीतून गडगडल्यासारखा आवाज येतो आणि माणसं अंगणात येऊन उभी राहतात. पुढचे दोन-चार दिवस व्हॉट्सॲपवर तारखा आणि वेळा फिरत राहतात.

त्या प्रश्नाचं उत्तर मी इथे नीट मांडते. आपल्या देशातले सर्वांत मोठे भूकंप हिमालयात आणि त्याच्या लगतच्या भागात झाले. तिथे सव्वाशे वर्षं अभ्यास चालू आहे, पण आजवर एकाही शास्त्रज्ञाला मोठ्या भूकंपाची तारीख आधी सांगता आलेली नाही. व्हॉट्सॲपवर तारीख सांगणारा माणूस त्यांच्याहून अधिक जाणतो, यावर माझा विश्वास नाही. मात्र या शास्त्रज्ञांनी तारखेपेक्षा उपयोगाचं बरंच काही शोधून काढलं आहे आणि ते दिंडोरीच्या कामाचं आहे.

या अभ्यासाची सुरुवात लोकांच्या पत्रांपासून झाली. १२ जून १८९७ रोजी शिलाँगच्या पठारावर प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा अहवाल लिहिला, तो १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. घड्याळ किती वाजता थांबलं, कोणत्या दिशेची भिंत पडली, रूळ कुठे वाकले, दगड जागचे उडाले का, अशी माहिती त्यांनी दूरदूरच्या लोकांकडून मागवून घेतली. त्याच भूकंपाच्या परदेशातल्या यंत्रांवर उमटलेल्या नोंदी तपासताना त्यांच्या लक्षात आलं, की भूकंपाच्या लहरी एकाच प्रकारच्या नसतात. आधी वेगवान प्राथमिक लहर येते, मागून दुय्यम लहर येते आणि शेवटी पृष्ठभागावरून चालणाऱ्या लहरी येतात. याच वाटेनं पुढे जाऊन १९०६ मध्ये त्यांनी पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचा पुरावा मांडला.

हे ज्ञान आपल्या दारातही रोज वापरलं जातं. नाशिकच्या दिंडोरी रोडवर महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, तिला आपण सगळे 'मेरी' म्हणतो. तिथे भूकंपाच्या नोंदींचं काम चालतं. कवचातल्या खडकातून प्राथमिक लहर सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते, दुय्यम लहर साडेतीनच्या आसपास. म्हणून दोन लहरींच्या आगमनात एका सेकंदाचं अंतर पडलं, तर धक्क्याचा उगम साधारण आठ किलोमीटरवर असतो. नाशिकच्या यंत्रावर तीन सेकंदांचं अंतर दिसलं, तर उगम चोवीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास नाशिक ते दिंडोरी एवढ्या अंतरावर. मात्र एका यंत्राला दिशा नीट कळत नाही. जागा पक्की करायला निदान तीन केंद्रं लागतात आणि खोली अचूक हवी असेल, तर एखादं केंद्र धक्क्याच्या अगदी जवळ लागतं. आपल्या डोंगरपट्ट्यात जवळची यंत्रं का हवीत, याचं कारण एवढं साधं आहे.

आता हिमालयाकडे येऊ. भारताचा भूपट्ट वर्षाला चार ते पाच सेंटीमीटर वेगानं उत्तरेकडे युरेशियाच्या भूपट्टात घुसतो आहे. त्यातला साधारण दोन सेंटीमीटरचा भाग हिमालयाला सोसावा लागतो. हा आकडा मोजण्यासाठी शास्त्रज्ञ खडकात पक्के रोवलेले जीपीएस थांबे वर्षानुवर्षं चालू ठेवतात. देहरादूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था आणि नेपाळमधले शास्त्रज्ञ हे काम करत आले आहेत. या मोजणीतून एक फार महत्त्वाची गोष्ट कळली. हिमालयाखाली उत्तरेकडे उतरत जाणारा एक मोठा भ्रंश आहे. खूप खोलवर, जिथे खडक तापलेला आहे, तिथे तो शांतपणे सरकत राहतो. पायथ्यापासून उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरपर्यंतचा वरचा भाग मात्र अडकलेला आहे. मागून रेटा चालूच असतो आणि पुढचा भाग हलत नाही. द्राक्षबागेच्या मांडवाची तार ताणत नेली की ती वर्षभर निमूट उभी असते आणि अँगलची गाठ सुटली की एका क्षणात सपकन मागे येते. खडकाचंही तसंच होतं. वर्षाला दोन सेंटीमीटर म्हणजे शंभर वर्षांत दोन मीटर आणि पाचशे वर्षांत दहा मीटर ताण साठतो, आणि मोठ्या भूकंपात खडक काही मीटर एका मिनिटात सरकतो.

पण शंभर-पाचशे वर्षांचा हिशेब कुठल्या यंत्रानं ठेवला आहे? आपल्याकडची यंत्रं जेमतेम सव्वाशे वर्षांची. म्हणून शास्त्रज्ञ जमीन खणतात. या अभ्यासातला हा भाग मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण पाया खणल्यावर खड्ड्याच्या कडेला काळी माती किती, मुरूम कुठे लागला, खडक कुठे सुरू झाला हे बघणं माझं रोजचं काम आहे. हिमालयाच्या पायथ्याला डोंगर संपून सपाटी सुरू होते, तिथे भ्रंशाला आडवा खंदक घेतात. खंदकाची भिंत खरवडून साफ करतात आणि नदीनं टाकलेले वाळूचे, गोट्यांचे, मातीचे थर एकेक करून कागदावर उतरवतात. एखादा थर तुटून दुसऱ्यावर चढलेला दिसला, तर भूकंपात जमीन इथे फाटली होती असं कळतं. तुटलेल्या थरातला आणि त्यावर नंतर साचलेल्या अखंड थरातला कोळशाचा कण मिळाला, तर कार्बन पद्धतीनं दोन्हींचं वय काढतात. भूकंप या दोन वयांच्या मध्ये कधीतरी झालेला असतो.

या पद्धतीनं नेपाळमध्ये सर खोला इथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपाची भेग शोधली. त्याआधी अनेकांना वाटत होतं, की त्या भूकंपात जमीन वरपर्यंत फाटलीच नव्हती. त्याच ठिकाणी १२५५ च्या भूकंपाचाही माग लागला. हा तोच भूकंप, ज्यात काठमांडूचा राजा अभय मल्ल मरण पावल्याचं तिथल्या वंशावळी सांगतात. पोथीतली नोंद आणि मातीतली नोंद एकमेकींना मिळाली. जुन्या माणसांनी लिहून ठेवलं होतं, म्हणून सातशेहून अधिक वर्षांनी त्याला पुरावा सापडला.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये गोरखा भागात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जवळपास नऊ हजार माणसं गेली. त्या वेळी जीपीएसचे थांबे चालू होते आणि वरून उपग्रहांची रडारही जमीन मोजत होती. काठमांडूचं खोरं काही सेकंदांत दीड मीटरच्या आसपास दक्षिणेला सरकलं आणि जवळपास एक मीटर उचललं गेलं. भ्रंश पूर्वेकडे सुमारे दीडशे किलोमीटर फाटत गेला, पण दक्षिणेला पायथ्यापर्यंत पोचला नाही. म्हणजे तिथला ताण अजून शिल्लक आहे. काठमांडू हे जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेलं शहर. त्या गाळानं जमिनीचं हलणं संथ पण मोठं केलं. धरहरा मनोऱ्यासारखी उंच इमारत कोसळली, आणि अनेक बसकी घरं भीती होती त्याहून बरी तरली. जमीन कशी आणि घर कसं, या दोन प्रश्नांवर माणसाचा जीव ठरतो.

इतकं सगळं जमवून शास्त्रज्ञ काय सांगतात? कांगड्याचा १९०५ चा भूकंप आणि १९३४ चा बिहार-नेपाळ भूकंप यांच्या मधल्या पट्ट्यात गेल्या शंभराहून अधिक वर्षांत आठच्या घरातला भूकंप झालेला नाही आणि ताण साठतो आहे. कुठे होऊ शकतो आणि किती मोठा होऊ शकतो, एवढं ते ठामपणे सांगतात. कधी, हे सांगत नाहीत. मला या प्रामाणिकपणाबद्दल फार आदर वाटतो.

आता यातलं दिंडोरीला काय लागू पडतं? आपण हिमालयातल्या टक्कर-पट्ट्यापासून हजारभर किलोमीटर दूर आहोत. आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत. इथे हिमालयासारखा आठचा भूकंप होईल, असं मानायला कारण नाही. पण उत्तरेकडचा रेटा सगळ्या भूपट्टात जाणवतो आणि जुन्या भेगांवर कुठे कुठे ताण सुटतो. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला ६.३ चा आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ चा भूकंप झाला, तो अशाच 'स्थिर' म्हटल्या जाणाऱ्या जमिनीत. पावसाळ्यात धक्के वाढतात असं लोक म्हणतात. भेगांत मुरलेल्या पाण्याच्या दाबानं लहान धक्के बसू शकतात, हे शास्त्राला मान्य आहे, आणि कोयनेला धरणाच्या पाण्याशी भूकंपांचं नातं शोधण्यासाठी गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं आहे. आपल्या डोंगरात नेमकं काय घडतं, ते मात्र इथेच मोजल्याशिवाय कळणार नाही.

दोन समजुती मला वारंवार ऐकू येतात. पहिली : छोटे धक्के बसले की ताण निघून जातो, मग मोठा येत नाही. हिशेब करून बघा. तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे सहाच्या एका भूकंपात तीनच्या जवळपास ३२ हजार धक्क्यांची ऊर्जा असते. आपल्याकडच्या किरकोळ धक्क्यांनी एवढा ताण कधीच फिटत नाही. दुसरी समजूत नेमकी उलटी : छोटे धक्के म्हणजे मोठ्याची नांदी. किल्लारीत १९९२ च्या ऑक्टोबरपासून धक्के बसत होते आणि वर्षभरात मोठा भूकंप आला, हे खरं आहे. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात २०१८ च्या नोव्हेंबरपासून हजारो धक्के बसले आणि किल्लारीसारखं काही झालं नाही, हेही तितकंच खरं आहे. छोट्या धक्क्यांवरून कोणालाच ठाम निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून "काही होणार नाही" हे जसं खोटं आश्वासन आहे, तसं "होणारच" ही खोटी भीती आहे.

ठाम निष्कर्ष काढता येतो तो घरांबद्दल. १५ ऑगस्ट १९५० रोजी आसाम-तिबेट सीमेवर ८.६ चा भूकंप झाला. आजवर जमिनीवर नोंदलेल्या सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी तो एक. आपल्या बाजूला त्यात सुमारे दीड हजार माणसं गेली. किल्लारीचा भूकंप ६.२ चा, ऊर्जेत त्याच्या कितीतरी हजार पटींनी लहान, आणि तिथे जवळपास दहा हजार माणसं गेली. आसामात लाकडाची, बांबूची हलकी घरं बरीच होती. किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती होत्या, वर मातीचा थर घातलेलं जड माळवद होतं, आणि माणसं गणपती विसर्जनाच्या रात्री उशिरा येऊन झोपली होती. कॉलेजात असताना आमची अभ्याससहल किल्लारीला गेली होती. तिथल्या एका आजींनी सांगितलं, "जमीन थोडा वेळच हलली, बाई. भिंत मात्र सगळी अंगावर आली." मी आज जे काम करते, ते त्या वाक्यामुळे करते.

दिंडोरीची घरं मी जवळून बघते. पश्चिमेच्या आदिवासी पाड्यांवरचं कुडाचं घर भूकंपात सर्वांत कमी घातक आहे. ते हलकं आहे, वाकतं, आणि पडलं तरी जीव वाचतो. तिथे घरकुल म्हणून विटांचं घर येतं, ते पावसाला चांगलं, पण त्यात लिंटेलच्या उंचीवर चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा अखंड पट्टा नसेल, तर ते कुडाच्या घराहून धोक्याचं ठरू शकतं. गावठाणातले जुने दगड-मातीचे वाडे किल्लारीच्या घरांचे सख्खे भाऊबंद आहेत. बाजारपेठेत खाली सगळी शटरं आणि वर राहती घरं असतात. तळमजल्याला समोरून भिंतच नाही, त्यामुळे हादऱ्याचा सगळा भार मोजक्या कॉलमवर येतो. आणि द्राक्षाचे पैसे चांगले आले, की जुन्या विटांच्या घरावर कॉलमशिवाय मजला चढवला जातो. या मजल्याला मी दरवेळी नकार देते.

२००२ च्या भारतीय मानकाच्या नकाशात नाशिक तिसऱ्या क्षेत्रात आलं. किल्लारी १९९३ पर्यंत सर्वांत सुरक्षित मानलेल्या पहिल्या क्षेत्रात होती. तेव्हा नकाशाच्या रंगावर विसंबून राहणं बरं नाही. उपाय महाग नाहीत. जोत्याला, लिंटेलला आणि छताखाली अखंड पट्टा. कोपऱ्यात आणि दारा-खिडक्यांच्या बाजूला उभी सळई. कॉलमच्या रिंगेचं टोक काटकोनात न सोडता १३५ अंशांत आत वळवणं. काटकोनातला हुक हादऱ्यात उघडतो, रिंग सुटते आणि उभ्या सळया वाकतात. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला रिंगांमधलं अंतर चार इंचांच्या आत. काँक्रीटला पुरेसे दिवस पाणी. रिंगेचं टोक वळवायला फिटरला काही क्षण जास्त लागतात, सळईही बोटभरच जास्त लागते. एवढ्यावर एक कॉलम उभा राहतो किंवा पडतो.

दुसरी गोष्ट नोंदीची. या तालुक्याला नोंदी ठेवणं शिकवावं लागत नाही. युरोपला द्राक्षं पाठवणारा शेतकरी प्रत्येक फवारणी तारखेसह लिहितो. बागेत हवामान यंत्र लावून पानांवरचा ओलावा बघतो. वाघाड धरणावरच्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढून पाणी मोजून घ्यायला सुरुवात केली, आणि ते बघायला बाहेरचे लोक येतात. मग जमिनीच्या हादऱ्याची नोंद कुठल्याच गावाकडे का नसावी? धक्का किती वाजता बसला, आवाज आधी आला की हादरा, झोपलेला माणूस जागा झाला का, भांडं पडलं का, भिंतीला तडा गेला का, विहिरीचं पाणी बदललं का, एवढे प्रश्न पुरे आहेत. ओल्डहॅमनी हेच विचारलं होतं. गावोगावच्या अशा नोंदी यंत्राच्या आकड्यांशेजारी ठेवल्या, तर कुठल्या पाड्याखालची जमीन जास्त हलते हे कळेल.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण या पट्ट्यात काही वर्षांसाठी तरी एकमेकांच्या जवळ भूकंपमापक यंत्रं बसवावीत. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं 'भूकंप' हे मोबाइल ॲप आहे, पण पाड्यावरच्या आजीपर्यंत ते पोचत नाही. तेव्हा प्रत्येक जाणवलेल्या धक्क्याची जागा, खोली आणि तीव्रता दुसऱ्या दिवशी साध्या मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. खरी माहिती वेळेवर मिळाली, की खोट्या तारखा आपोआप मरतात. घरकुलाचा हप्ता देताना लिंटेलचा पट्टा घातल्याचा फोटो सक्तीचा करावा. शाळा आणि अंगणवाड्यांच्या इमारती आधी तपासाव्यात, कारण तिथे मुलं आपण आपल्या हातानं पाठवतो. करंजवण, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव ही आपली धरणं धक्क्यांनंतर तपासली जातात का आणि काय आढळलं, हेही लोकांना सांगावं.

सरकारची वाट न बघता करता येण्यासारखंही पुष्कळ आहे. येत्या ग्रामसभेत एक वही उघडा, तिला धक्क्यांची वही म्हणा आणि ती ठेवायला शाळेतल्या गुरुजींना किंवा आशाताईंना सांगा. घर बांधणाऱ्यानं गवंड्याला टाइल्सचा रंग विचारण्याआधी रिंग दाखवायला सांगावी. तालुक्यातल्या कुठल्याही गावानं बोलावलं, तर गवंडी आणि फिटर मंडळींना साइटवर उभं राहून रिंग कशी वळवायची, पट्टा कसा बांधायचा हे दाखवायला मी येईन. माझ्याबरोबर काम करणारे आणखी अभियंते यायला तयार आहेत. यासाठी पैसे लागणार नाहीत. एका उभ्या राहणाऱ्या कॉलमपासून सुरुवात करू.